मी पहिल्या पानावर सोडलेला हत्ती

आधी कबूल करा, मध्ये हसायचं नाही. शेवटी काय हवं ते हसा, पोट धरून हसा, पण मध्ये नाही. मध्ये कुणी हसलं की मला राग येतो, राग आला की तपशील विसरतो, आणि ह्या गोष्टीत सगळी गंमत तपशिलातच आहे. तपशील चुकला म्हणून तर माझी ही शोभा झाली!

बहात्तरचा दुष्काळ होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी तेव्हा साताऱ्यात एका चार पानी दैनिकात नोकरीला होतो. नाव विचारू नका. ते बिचारं कधीच बंद पडलं. मेलेल्याची अब्रू कशाला काढायची? आमचे संपादक म्हणजे तात्या. धोतर, काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि बघणं मात्र नेहमी चष्म्याच्या वरून.

ह्या तात्यांनी माझ्या गळ्यात रविवारचं एक सदर बांधलं होतं. 'बागेतल्या गमती'. कोरेगावला दोन हात लांबीचा मुळा निघाला, वाईला पाच बोटांचं वांगं लागलं, कऱ्हाडच्या एका मुख्याध्यापकांच्या परसात एकाच जास्वंदीला तीन रंगांची फुलं आली, असल्या बातम्या.

आता खरं सांगायचं तर मला झाडांतलं कळत किती होतं? तुळस ओळखायचो, कारण ती वृंदावनात असते. वृंदावनाबाहेर भेटली असती तर मी नमस्कारही केला नसता! पण लोक हौसेनं वाचायचे. एकानं तर गणपतीच्या आकाराचा बटाटा कचेरीत आणून दिला. आम्ही तो टेबलावर मांडून ठेवला. आठ-पंधरा दिवसांत त्याला असे मोड आले, की गणपतीचा रावण झाला.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी आटपाडीहून ट्रंककॉल आला. तिथले आमचे वार्ताहर दत्तू मास्तर. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि हौसेखातर बातम्या पाठवायचे. फोनवर आवाज असा येत होता, जणू कुणी शेजारी बसून शेंगदाणे भाजतंय.

"हॅलोऽ सातारा? मी आटपाडीवरनं दत्तू मास्तर!"

"बोला मास्तर!"

"बातमी हाय! लय भारी! आमच्या धोंडिबा हवालदाराच्या बागंत... खर्रर्र... हत्ती हाय!"

"काय आहे?"

"हत्ती हो, हत्ती! हत्तीतला ह, हत्तीतला त्ती!"

मास्तरच ते! फोड करून सांगणारच.

"केवढा आहे?"

"बारा फुटी! सोंड वर करून हुबा हाय!"

"अरे बाप रे! आणि हवालदार?"

"हवालदार? त्यो सकाळ-संध्याकाळ कापतोय! रोज कापतोय!"

"बरोबर आहे. कुणीही कापेल."

"न्हाई न्हाई, कुणालाबी न्हाई जमायचं! आन् सगळा... खर्रर्र... मेंढीचा हाय बरं का!"

"मेंढीचा? मेंढ्यांचं काय झालं?"

"व्हय व्हय, कडू... खर्रर्र... आन् त्याची बायकू हौसाक्का कळशीनं पाणी घालती! लोकं बगाय येत्यात! तुमच्या त्या... खर्रर्र... घाला!"

आणि तीन मिनिटं संपली. फोन गप.

आता तुम्हीच सांगा. हवालदाराच्या बागेत बारा फुटी हत्ती सोंड वर करून उभा आहे. हवालदार कापतोय. मेंढ्यांचं काहीतरी कडू झालेलं आहे. बायको कळशीनं पाणी घालते आहे. तुम्ही काय समजला असता? समजला असतात ना? मीही तेच समजलो!

कागद ओढला आणि लिहिलं: 'आटपाडीत हत्ती घुसला! बारा फुटी गजराज हवालदाराच्या बागेत. मेंढ्यांच्या कळपात हाहाकार. हवालदार भीतीने थरथर कापत आहेत. शूर पत्नीकडून कळशीने पाणी पाजून हत्तीस शांत करण्याचे प्रयत्न सुरू.'

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे तुझ्या सदरात घालायचं?"

"छे हो तात्या! हत्ती म्हणजे काय बागेतली गंमत आहे? पहिल्या पानाचा मजकूर आहे हा!"

"पण आटपाडीत हत्ती येईल कुठून? तिथं माणसांना प्यायला पाणी नाही."

"म्हणूनच चिडला असणार."

तात्या विचारात पडले. मग स्वतःच्या हातानं त्यांनी एक ओळ वाढवली: 'हत्ती बहुधा सर्कशीतून सुटलेला असावा.' म्हणजे बघा, एक ओळ तात्यांचीही आहे. सगळं पाप एकट्या माझं नाही.

शनिवारी अंक निघाला आणि दुपारपर्यंत एक प्रत उरली नाही. विट्याच्या एजंटाचा आणखी अंक पाठवा म्हणून फोन आला. तात्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तात्यांनी! पाहुणा आला की ज्यांना हमखास महत्त्वाचं पत्र लिहायचं आठवतं, त्या तात्यांनी! वर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्या पहिल्या एस.टी.नं आटपाडी गाठ. हत्ती डोळ्यांनी बघ आणि सविस्तर लिही."

रविवारी सकाळी निघालो. विट्यात गाडी बदलली आणि पाहतो तर काय, आटपाडीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या बाकावर दोन बाया, मांडीवर पाटीत नारळ, दुर्वा आणि गुळाची ढेप.

"कुठं निघालात मावशी?" मी विचारलं.

"गणपतीच आलाय म्हनं आटपाडीला. पेपरात छापून आलंय."

मागं जंगल खात्याचे दोन गार्ड उभे. त्यांच्याजवळ एक जाड दोर आणि एक शिट्टी.

"एवढ्यावर हत्ती धरणार?" मी विचारलं.

"वरनं हुकूम आलाय," एक जण कसनुसं तोंड करून म्हणाला. "शिट्टी मारून बघायची. न्हाई आयकलं तर रिपोर्ट करायचा."

आणि माझ्या शेजारी बसला होता सांगलीकडचा एक म्हातारा माहूत, हुसेनचाचा. संस्थानच्या काळात त्यानं हत्ती सांभाळलेला. वय सत्तरीच्या पुढं, हातात अंकुश, डोळ्यांत पाणी. "बेटा," तो म्हणाला, "तीस वर्सं झाली, हत्तीच्या अंगावर हात ठिवला न्हाई. पेपरात वाचलं, लोकं घाबरल्यात म्हून. हत्ती वाईट नसतोय रे. त्येला कुणीतरी वळखीचं बोलाय लागतंय."

खरं सांगतो, मला भरून आलं. वाटलं, काय आपल्या लेखणीची ताकद! जिल्हा हलवला!

आटपाडीला उतरलो. गावाबाहेर हवालदाराचं रान होतं. वाटेनं दोन्ही बाजूंना नुसता फुफाटा, बाभळी आणि दगड. आणि त्या फुफाट्यात माणसांची ही रांग! बैलगाड्या, सायकली, कडेवर पोरं. एक जण तर जत्रेत विकावेत तसे फुगेसुद्धा विकत होता.

बांधाच्या कडेला गर्दीतून वाट काढली आणि समोर बघितलं.

हत्ती होता.

बारा फूट म्हणजे मास्तरांचे बारा. मोजले तर नऊ भरले असते. पण होता. चार खांबांसारखे पाय, सुपासारखे कान, गोल गरगरीत पाठ, आणि आभाळाकडं उचललेली सोंड. सगळाच्या सगळा हिरवागार. वारा आला की अंगावरून शहारा जावा तशी पानं हलायची.

पानांचा होता हो! झाडाचा! कुंपणाला लावतात ती कडू मेंदी. ती वाढवून, वळवून, कात्रीनं कापून कापून केलेला हत्ती!

मेंदी. मेंढी नव्हे, मेंदी! आणि हवालदार कापत होता, तो कात्रीनं!

मी दोन पावलं मागं सरकलो. तेवढ्यात मागून कुणीतरी सदरा ओढला. दत्तू मास्तर! घामाघूम.

"आवं, ह्ये काय छापलंसा? मी मेंदी म्हणालो, मेंदी!"

"तुम्ही म्हणालात, हवालदार कापतोय!"

"मग? कापतोयच की! दातानं तोडतोय म्हणू का?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "आता एक काम करा. तुमी पेपरातलं हायसा ह्ये कुणाला बोलू नका. सकाळपास्नं लोकं इचारत्यात, कोण त्यो पेपरवाला. आन् हवालदारानं त्यो अंक घडी घालून खिशात ठिवलाय. 'भीतीने थरथर कापत आहेत' ह्या वळीखाली पेन्शलीनं रेघ मारलीया. दोन लढाया केलेला मानूस हाय त्यो!"

मी वही आणि पेन पिशवीत तळाशी कोंबले. एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि खुद्द हवालदार समोर. सहा फूट उंच, खाकी हाफपँट, पांढऱ्या झुपकेदार मिशा, हातात ही भली मोठी कात्री.

"मास्तर, पावनं कोण?"

मास्तरांची बोबडी वळली. "हे... हे व्हय? हे शेतकी खात्यातलं सायब! साताऱ्यास्नं आल्यात!"

आणि मी मान हलवली. बस्स! एवढंच केलं मी. तोंडातून शब्द काढला नाही. पण ती मान त्या वेळी हलली नसती, तर आज मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

हवालदारानं खाड्कन सॅल्यूट मारला. "लय बरं झालं सायब! धा वर्सात तुमच्या खात्याचं कुणी फिरकलं न्हाई. या, बगा."

आणि ते मला हत्ती दाखवू लागले. काय सांगू तुम्हाला, त्या माणसाचं बोलणं ऐकताना मी कोण, कशासाठी आलो, सगळं विसरलो. फौजेत असताना उत्तरेकडच्या एका छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढं त्यांनी झाडाचा मोर बघितला होता. तिथल्या माळ्याच्या मागं मागं फिरून सुट्टीच्या दिवशी काम शिकले. पासष्टच्या लढाईनंतर पेन्शनीवर आले, आणि ज्या मातीत बाभळीशिवाय काही येत नाही तिथं मेंदीच्या चार फांद्या लावल्या. चार फांद्या म्हणजे चार पाय.

"लोकं म्हनली, ह्येचं डोस्कं फिरलंय. ऊस लाव, डाळिंब लाव, हत्ती कुनी लावतंय व्हय?"

"आणि दुष्काळात?" मी विचारलं.

हवालदारांनी कात्री काखेत धरली. मग विहिरीकडं बोट केलं. "हिला टिपूस नव्हता. आमी दोघंबी खडी फोडाय जायचो. टँकर यायचा, मानशी मोजून पाणी. आमची ही तोंड धुतल्यालं, भांडी इसळल्यालं पाणी कळशीत साठवायची आन् सांजच्याला एकेका पायाला एकेक तांब्या घालायची. म्हनायची, चार पायांवर हुबा हाय, एकबी पाय मरून चालायचा न्हाई."

हौसाक्का जवळच उभ्या होत्या. बुटक्याशा, नऊवारीचा काष्टा घातलेल्या, कमरेवर कळशी.  त्यांनी हत्तीच्या पायावरची एक वाळकी काडी काढून टाकली, पोराच्या सदऱ्यावरचा धागा काढावा तशी.

खरं सांगू? मी पाच वर्षं 'बागेतल्या गमती' लिहीत होतो, पण बाग म्हणजे काय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या दोघांपुढं मला खाली वाकावंसं वाटलं.

तिथंच थांबलो असतो तर! वाकून, नमस्कार करून, पुढची एस.टी. धरली असती तर! पण नाही.

"सायब," हवालदार म्हणाले, "ह्या सोंडंचं जरा बगा. तीन वर्सं गेली हिला. पाय झालं, पाठ झाली, पर सोंड काय वर जाईना. तारंला एकच फांदी बांधून वळवत वळवत नेलीया. आता शेंड्याला पानं पिवळी पडत्यात. काय करावं?"

मी काय सांगणार कपाळ! पण भोवती दोन-तीनशे माणसं. गार्ड बघतायत, हुसेनचाचा बघतोय, नारळवाल्या बाया बघतायत. मी डॉक्टरसारखा चेहरा केला. सोंडेला इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एक पान तोडून वास घेतला. आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "थोडं छाटावं लागेल."

"छाटा की मग!" हवालदारांनी कात्री माझ्या हातात दिली. शिडी लावली. "तुमच्यासारक्याचा हात लागला तर बरंच हाय."

मी शिडीवर चढलो. मनाशी ठरवलं, एखादी वाळकी काडी कापायची, 'आता ठीक होईल' म्हणायचं आणि खाली उतरायचं. पानांत हात घातला. आत एक काळपट, वाळकी दिसणारी, बोटाएवढी जाड काडी होती. बाकी सगळं हिरवं, हीच तेवढी वाळकी. म्हटलं, हीच. कात्री लावली आणि दाबली.

कट्!

क्षणभर काहीच झालं नाही. मी खाली बघून हसलोसुद्धा. मग सोंडेनं एक हेलकावा घेतला. थकलेल्या माणसानं हात खाली घ्यावा तशी ती हळूहळू खाली आली, तारेतून सुटली, आणि सगळीच्या सगळी माझ्या खांद्यावरून घसरून हवालदारांच्या पायाशी पडली.

ती काडी म्हणजेच सोंड होती हो! बाहेरची पानं तिचीच होती. खोडाची साल काळपटच असते, हे तुळशीपलीकडं काही न बघितलेल्या माणसाला कसं कळावं?

 हुसेनचाचा मटकन खाली बसला. "या अल्ला," म्हणाला, "आयुष्यात पयल्यांदाच एवढा गरीब हत्ती बगितला, आन् त्येची बी सोंड गेली." गार्डाच्या हातून शिट्टी पडली. आणि मी? मी शिडीवरच. उतरायचं कुठं?

हवालदारांनी वाकून सोंड उचलली. दोन्ही हातांवर घेतली. मग वर माझ्याकडं बघितलं.

"सायब. खरं सांगा. तुमी शेतकी खात्यातलं न्हाई."

"नाही."

"मग?"

आता लपवून काय करणार? "पेपरातला आहे," मी म्हणालो. "ती बातमी मीच लिहिली."

गर्दीत एकदम कालवा झाला. "आरं, ह्योच त्यो!" "खाली वढा त्येला!" कुणी बाह्या सारल्या. कुणी पायातली वहाण काढली. मी शिडीची आणखी एक पायरी वर चढलो.

"थांबा रं!" हवालदारांनी एकच आवाज टाकला, परेड ग्राऊंडवरचा. गर्दी जागच्या जागी थिजली. त्यांनी खिशातून अंक काढला, उलगडला आणि पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्ये तुमी लिवलं? मी भ्यालो, थरथर कापतोय म्हून?"

"मास्तर फोनवर म्हणाले, हवालदार रोज कापतोय," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "मला वाटलं, भीतीनं."

हवालदारांनी मास्तरांकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या कात्रीकडं. मग अंकाकडं. त्यांची मिशी हलायला लागली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पेटला. आणि हवालदार हसले! असे हसले, असे हसले, की सोंड हातांतून खाली पडली.

"कापतोय! आरं, खरंच की! धा वर्सं कापतोय मी!" डोळे पुसत ते म्हणाले. "पर सायब, मी धा वर्सं कापून हत्ती केला, आन् तुमी एकदाच कापून..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तसं ते सोडून दिलं नसतं तर बरं झालं असतं. शिवी खाल्ली असती तर निदान पोट भरलं असतं.

"उतरा खाली," ते म्हणाले. "मानूस खोटं बोलला, पर इचारल्यावर खरं बोलला. बसा. च्या घ्या."

मी चहा घेतला.  हवालदार बिनसोंडेच्या हत्तीभोवती फेऱ्या मारत होते. एक फेरी, दोन, तीन.  आणि तेव्हा पहिल्यांदा हौसाक्का बोलल्या.

"आवं, एक सांगू?"

"काय?"

"मला पैल्यापास्नं बैलच पायजे हुता."

हवालदार गर्रकन वळले. "काय?"

"बैल. खिल्लार. आपल्या मुलखात हत्तीचं काय काम? आपला खिल्लार बैल बगाय लांबलांबनं लोकं येत्यात. हुबा ऱ्हायला की कसा दिसतोय! तुमी आपला हत्ती हत्ती करत बसलासा."

"आगं, मग धा वर्सं पाणी घातलंस, तवा बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

दोन लढाया केलेला माणूस त्या दिवशी मी हरलेला बघितला.

मग काय झालं, ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. हवालदारांनी काठी घेतली आणि फुफाट्यात बैल काढला. लगेच चार शेतकरी पुढं सरसावले. "आवं, शिंगं अशी न्हाईत, मागं गेली पायजेत!" "वशिंड वर घ्या, वशिंड!" "गळ्याखालची पोळी लांब ठिवा, न्हाईतर जर्सी दिसंल!" हत्ती बघायला आलेली माणसं तासभर बैलावरून भांडत होती. कान दोरीनं वर बांधले, त्यांची शिंगं व्हायची होती. त्यासाठी गार्डांनी आपला दोर दिला. हत्ती धरायला आणलेला सरकारी दोर! बायांनी विचार करून नारळ फोडलाच. "गणपती न्हाई तर नंदी," म्हणाल्या. हुसेनचाचानं तुटलेली सोंड मागून घेतली आणि गमज्यात बांधून सांगलीला नेली. काय केलं असेल तिचं, देव जाणे. मला विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांपुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं. तात्यांनी पहिल्यांदाच चष्म्यातून बघितलं.

"म्हणजे हत्ती घुसला नव्हता."

"नाही. उगवला होता."

"आणि आता आहे?"

"नाही. आता बैल आहे."

"कुठं आहे?"

"म्हणजे अजून नाही. दोन वर्षांत होईल."

"म्हणजे नसलेल्या हत्तीच्या बातमीचा खुलासा, की हत्ती होता पण आता नाही, आणि नसलेला बैल आहे?" तात्यांनी डोकं धरलं. "बाबा रे, तू हे सदर सोड. तू उद्यापासून बाजारभाव लिही."

पण खुलासा छापला. पहिल्याच पानावर, आणि मीच लिहिला. त्यात चूक कबूल केली आणि उरलेल्या दोन कॉलमांत त्या नवरा-बायकोबद्दल लिहिलं: तांब्या-तांब्यानं जगवलेल्या चार पायांबद्दल. तात्यांनी एक शब्द कापला नाही. मला वाटतं, माझ्या उभ्या नोकरीत मी धड लिहिलेला तेवढाच एक मजकूर.

माझं लग्न झाल्यावर, म्हणजे पुढं अडीच-तीन वर्षांनी, बायकोला घेऊन आटपाडीला गेलो. म्हटलं, चल, एक बघण्यासारखी गोष्ट दाखवतो. बाकीचा भाग अर्थातच सांगितला नव्हता.

आणि काय बैल उभा होता महाराजा! ताठ मान, मागं वळलेली शिंगं, उंच वशिंड. वाटावं, आत्ता पाय आपटेल. बायको तर बघतच राहिली. पुढं गेलो तर बांधावर पत्र्याची नवी पाटी. ती मोठ्यानं वाचू लागली.

"'शेळ्या सोडू नयेत. पानं तोडू नयेत. पेपरवाल्यांनी दहा पावलं लांब उभं राहावं.' अगबाई! असं का हो लिहिलंय? कुणी काय केलं असेल?"

"कुणास ठाऊक," मी इकडंतिकडं बघत म्हणालो. "असेल कुणीतरी गाढव."

तर बैलाच्या पोटामागून कात्रीचा आवाज थांबला आणि पांढऱ्या मिशा बाहेर आल्या.

"गाढवाला कशाला बोल लावताय सायब? रोज धा-ईस गाढवं हितनं जात्यात. एकानंबी कवा सोंड तोडली न्हाई."